पोपट डीकन आणि मनुकांचा रस

कल्याणच्या रेल्वे वसाहतीमागे, लोको शेडचा धूर जिकडे वाहत जायचा त्या बाजूला, मराठी ख्रिस्ती मंडळीचं एक बैठं कौलारू देऊळ होतं. हो, देऊळच. नगरकडून आलेली ख्रिस्ती माणसं तेव्हा चर्चला देऊळच म्हणायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. या देवळाला स्वतःचा पाळक नव्हता. ठाण्याचे पाळकसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडीने यायचे, उपदेश करायचे, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा भाकरीचा तुकडा आणि रसाचा घोट, द्यायचे, कुणाकडे तरी जेवायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. मधले सगळे दिवस देऊळ चालायचं ते डीकनांवर.

डीकन म्हणजे काय, तर मंडळीने हात वर करून निवडलेला आपल्यातलाच माणूस. पगार नाही, झगा नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसायला डीकन, मयताला खांदा द्यायला डीकन, नवराबायकोचं वाजलं तर मिटवायला डीकन, आणि रविवारी सकाळी सतरंज्या झटकायच्या तर तिथेही तोच. मान म्हणाल तर एवढाच, की प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर आणि रसाचा पेला पाळकाच्या हातून घ्यायचा आणि ओळीओळीने लोकांपर्यंत न्यायचा. पण त्या मानासाठी माणसं जन्मभर सतरंज्या झटकायला तयार असत. पोपट मकासरे त्यांतलाच एक.

पोपट मूळचा नेवासे तालुक्यातला. लोको शेडमध्ये इंजिनं पुसणारा खलाशी. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, भजनात मात्र सगळ्यांच्या वरचा आवाज लावणारा, आणि तोही भलत्याच पट्टीत. इंजिनाचं तेल त्याच्या नखांत असं बसलेलं की साबण हरला तरी ते निघायचं नाही. आणि पोपट पूर्वी प्यायचा. कधीमधी घोटभर घ्यायचा असं म्हणून त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. ढोसायचा. शेडचा भोंगा झाला की घराच्या वाटेवर एक गुत्ता लागायचा, आणि तो गुत्ता ओलांडून पोपट सरळ घरी आला असा दिवस त्याच्या बायकोला, रंगूबाईला, आठवत नव्हता.

स्वातंत्र्य आलं त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्याच्या मुलीचा, शालूचा, बाप्तिस्मा होता. बापाने तान्ह्या पोरीला घेऊन पाळकापुढे उभं राहायचं. पोपट उभा राहिला, पण सरळ नव्हे. सगळ्या देवळाला वास आला. तेव्हाचे डीकन आनंदराव लोंढे, पांढऱ्या मिशांचे, शेडमधूनच निवृत्त झालेले. ते शांतपणे पुढे झाले, पोपटच्या हातातून पोर काढून घेतली आणि बापाच्या जागी स्वतः उभे राहिले. शालूच्या कपाळाला पाणी लागलं ते आनंदरावांच्या हातात. पोपट भिंतीला टेकून ते पाहत होता, आणि पाहून त्याला रडू आलं, तेही दारूचं रडू, ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा आनंदराव शेडच्या फाटकाशी उभे होते. उपदेश केला नाही, शास्त्रवचन काढलं नाही. "चल, घरी जाऊ," एवढंच म्हणाले आणि त्याच्या बाजूने चालू लागले. गुत्ता आला तशी त्यांनी बाजू बदलली आणि गुत्ता आणि पोपट यांच्या मधून चालले. घरी येऊन बसले, रंगूबाईच्या हातचा चहा प्याले, अंधार पडल्यावर उठून गेले. तिसऱ्या दिवशी तेच. पुढे पावसाळा गेला, थंडी गेली, तरी तेच. पोपटने चिडून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या, एकदा मागच्या फाटकाने पळूनही पाहिलं. म्हातारा मागच्या फाटकाशी हजर. शेवटी पोपटच दमला. दारू सुटली ती अशी, आणि सुटली म्हणजे सुटलीच.

आनंदराव गेले तेव्हा त्यांची जागा रिकामी झाली आणि कुणीतरी पोपटचं नाव घेतलं. भाऊ ओहोळ उठून उभे राहिले. भाऊ हे दुसरे डीकन, मालधक्क्याच्या हापिसात कारकून, कडक इस्त्रीचा कोट, आयुष्यात तपकिरीपलीकडे व्यसन नाही. निर्मळ माणूस, आणि निर्मळ माणसाला असतो तो ताठा त्यांच्यात होताच. "पोपटरावांबद्दल मला आदर आहे," भाऊ म्हणाले, "पण पेला हातात द्यायचा तो हात जरा पाहून द्यावा." देवळात चुळबूळ झाली. मग बायकांच्या बाजूने सखुबाई नावाच्या म्हातारीने हात वर केला, तिच्यामागोमाग सगळ्या बायकांनी केले, आणि मग पुरुषांनाही करावे लागले. भाऊंनी हात वर केला नाही. पोपटने ते पाहिलं आणि त्याला भाऊंचा रागही आला नाही. त्याला स्वतःलाच तसं वाटत होतं.

डीकन झाल्यावर पोपटने काय केलं, तर आनंदरावांनी त्याच्यापाशी केलं तेच दुसऱ्यापाशी केलं. शहाडला नदीकडच्या झोपड्यांत गोविंदा नावाचा त्याच्या गावाकडचा एक माणूस राहायचा, गिरणीत कामाला. दारूबंदी आली होती, गुत्ते बंद झाले होते, पण नदीकाठी लव्हाळ्यात हातभट्ट्या पेटायच्या आणि गोविंदा तिथलं रोजचं गिऱ्हाईक. त्याची बायको बायजा नाताळाला देवळात आली ती डोळ्याखाली काळानिळा डाग घेऊन. त्या दिवसापासून पोपट कामावरून सुटला की घरी हातपाय धुवायचा आणि रुळांच्या कडेकडेने शहाडला चालत जायचा. गोविंदाच्या दारात बसायचा. गोविंदा त्याला मामा म्हणायचा. आधी शिव्या देऊन म्हणायचा, पुढे नुसताच म्हणू लागला. नाताळानंतर त्याने दारूला हात लावला नव्हता. मे महिना उजाडला तेव्हा बायजाच्या अंगावर थोडं मांस दिसू लागलं होतं.

"मामा, मी देवळात येईन," गोविंदा एक दिवस म्हणाला, "पण तू न्यायला आलास तर. एकट्याने मला आत पाय टाकायचा धीर नाही होणार." प्रभुभोजन घ्यायला येणार म्हणाला. पोपटला एवढा आनंद झाला की परतताना अख्खी वाट तो भजन म्हणत आला, आणि शहाडची कुत्री त्याच्यामागे भुंकत आली.

आता मनुकांचं सांगायला हवं. कुठे कुठे खरा द्राक्षारस वापरत असतील, या मंडळीत पहिल्यापासून काळ्या मनुकांचा रस. आणि तो डीकननेच करायचा, असा तिथला शिरस्ता. आनंदराव करायचे, आता पोपट करत होता. भाऊंनी ते काम त्याच्याकडे ढकललं, कारण भाऊंना चूल पेटवता येत नसे. पोपटला तरी कुठे येत होती? साधा चहा त्याने कधी केलेला नव्हता. पण प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तो कोपरापर्यंत हात घासायचा, धुतलेला सदरा घालायचा, रंगूबाईला आणि शालूला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचा आणि दार लोटून घ्यायचा. मनुका धुवायच्या, भिजवायच्या, उकळायच्या, हाताने कुस्करायच्या, पंच्यातून गाळायच्या. गार झालं की चिनीमातीच्या बरणीत भरून वर पांढरं फडकं बांधायचं आणि ती बरणी देवळाच्या कपाटात नेऊन ठेवायची. दाराच्या फटीतून रंगूबाई बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. नवरा स्वयंपाकघरात घुसलाय आणि तोंडाला दारूचा वास नाही, याहून मोठं सुख तिने मागितलंच नव्हतं.

त्या मे महिन्यात पोपटने असाच रस करून ठेवला आणि ठाण्याच्या गाडीने आलेल्या एका गार्डाने निरोप आणला, की पाळकसाहेब तापाने पडलेत, प्रभुभोजन पुढच्या रविवारी.

"मग तो रस ओतून टाका आणि शनिवारी नवा करा," रंगूबाई म्हणाली.

साधी गोष्ट. कुणीही शहाण्या माणसाने ऐकली असती. पण पोपटच्या मनाने भलतंच घेतलं. प्रभूच्या मेजासाठी म्हणून प्रार्थना करून काढलेला रस. तो गटारात कसा ओतायचा? शालूला सरबत म्हणून कसा द्यायचा? पाळकसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी हसून, ओत की बाबा, म्हटलं असतं. पण ते ठाण्याला तापात. आणि भाऊंना विचारायचं म्हणजे भाऊंची ती नजर. म्हणून पोपटने स्वतःचं डोकं चालवलं. मुरंबा टिकतो तो कशाने? साखरेने. बुधवारी त्याने घरातली रेशनची साखर नेऊन बरणीत ओतली आणि चव राहावी म्हणून उरलेल्या मनुकाही मूठभर टाकल्या, न उकळता, तशाच. वर फडकं घट्ट बांधलं. रंगूबाईने रिकामा साखरेचा डबा पाहिला आणि दोन दिवस त्याला बिनसाखरेचा चहा दिला.

म्हणाल, पट्टीचा पिणारा माणूस, त्याला एवढं कळू नये? पण खरंच नव्हतं कळत. पोपटला प्यायचं ठाऊक होतं, करायचं ठाऊक नव्हतं. गुत्त्यात जाऊन ग्लास पुढे करणाऱ्याला दारू कशाची झाली आणि कशी झाली हे विचारायची शुद्ध कुठली. आणि मे महिन्यातलं कल्याण, कौलं तापलेली, कपाटाचं दार बंद. बरणीत जे व्हायचं ते निवांत होत राहिलं.

रविवारी सकाळी पोपट रस ओतायला देवळात असायला हवा होता. पण तो शहाडला गेला, गोविंदाला आणायला. गोविंदाने इस्त्री नसली तरी धुतलेला सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं, आणि वाटेत तो चार वेळा थांबून म्हणाला, "मामा, आज नको, पुढच्या खेपेला." बायजा मागून चालत होती, ती प्रत्येक वेळी नुसती थांबायची. पोपट म्हणायचा, "बरं, थोडं पुढे जाऊ, मग ठरवू." असं करत करत देऊळ आलं, तोवर पहिलं भजन सुरू झालेलं.

त्यामुळे बरणी उघडली ती भाऊंनी. दोन पेले होते मंडळीचे, कल्हई केलेले. भाऊंनी ते भरले, वर विणलेला रुमाल घातला आणि मेजावर ठेवले. तपकिरीने भाऊंचं नाक कधीच कामातून गेलेलं. त्यांना त्या बरणीत रस आहे की रॉकेल, हेही कळलं नसतं.

गोविंदा पुरुषांच्या दुसऱ्या ओळीत बसला, बायजा पलीकडे रंगूबाईजवळ. पाळकसाहेब तापातून उठलेले, चेहरा उतरलेला, पण त्या दिवशी बोलले मायेने. भाकर वाटून झाली. मग त्यांनी रुमाल बाजूला केला, पेल्यांवर प्रार्थना केली, एक भाऊंच्या हातात दिला बायकांच्या बाजूसाठी आणि दुसरा पोपटच्या हातात.

पोपटने पेला घेतला आणि वळला. आणि त्याला वास आला.

आधी त्याला वाटलं, भास आहे. पूर्वी होत असत असे भास. मग पेला छातीपाशी आला आणि शंका उरली नाही. आंबूस, गोडसर, नाकातून सरळ डोक्यात जाणारा. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. नको म्हणत असताना सुटलं, देवाच्या मेजापुढे, मंडळीच्या डोळ्यांदेखत, सहा वर्षांनी. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की कान तापले.

पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्याने हात पुढे केला होता. त्याच्यामागे गोविंदा मान खाली घालून बसलेला. पोपटच्या डोक्यात सगळं एकदम आलं. गपचूप पुढे गेलो तर? एकेक घोट, कुणाला कळणार? म्हाताऱ्या तोंड वाकडं करतील, आंबट झालाय म्हणतील. पण गोविंदाला कळेल. एका घोटात कळेल, आणि संध्याकाळी तो नदीकाठी असेल. बरं, गोविंदाला टाळून पुढे जावं? भर मंडळीत एखाद्याला पेला न देता पुढे जायचं म्हणजे त्याला वाळीत टाकल्यासारखंच. आज पहिल्यांदा आलेला माणूस पुन्हा देवळाचं तोंड पाहणार नाही. मग ठेच लागल्याचं नाटक करून पेला सांडावा? पोपट मकासरे प्रभूचा पेला घेऊन अडखळला, असं उद्या शेडपर्यंत जाईल आणि प्याला होता म्हणतील. आणि खरं बोलावं, तर रस केला कुणी? त्यानेच. बरणीत साखर टाकली कुणी? त्यानेच. जुना दारुडा डीकन होतो आणि देवळाच्या कपाटात दारू निघते. यावर कोण काय विश्वास ठेवणार? डीकनपण गेलं, हे त्याला तिथेच उभ्या उभ्या कळलं. आयुष्यात तेवढीच एक गोष्ट त्याला लोकांनी आपणहून दिलेली होती.

तो मागे वळला आणि पेला मेजावर ठेवला. तिकडे भाऊ सखुबाईपुढे वाकले होते, तिने पेल्याला हात लावलेला.

"भाऊ, थांबा," पोपट म्हणाला. "आजी, पिऊ नका. साहेब, हा रस राहिला नाही. दारू झालीय. मीच केलाय, चूक माझी आहे."

पाळकसाहेबांनी पेला नाकाशी नेला, भुवया वर गेल्या. "खरंच की," ते हळूच म्हणाले. भाऊंनी सखुबाईच्या हातातून पेला सोडवून घेतला. ती सहजी सोडत नव्हती. मग भाऊंना आठवलं की देवळाच्या भिंतीला लागूनच पोलीस लाईन आहे आणि राज्य दारूबंदीचं आहे. त्यांनी घाईघाईने जाऊन त्या बाजूची खिडकी लावली. परत आले तेव्हा चेहरा लाल झालेला.

"पोपटराव," भाऊ म्हणाले, "आम्हाला कुणाला कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"वासाने. मला नाही कळणार तर कुणाला कळणार, भाऊ?"

"चाखलीत का आधी?"

"नाही."

भाऊंचा प्रश्न देवळात तसाच उभा राहिला. पोपटने लोकांकडे पाहिलं. ज्यांच्या आजारपणात तो रात्र रात्र बसला होता त्या माणसांनी नजर खाली घातली होती. तो खोटं बोलत नव्हता, पण दाखवायला त्याच्यापाशी काहीही नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या ओळीत गोविंदा उभा राहिला. देवळात असं मधेच उभं राहून बोलायचं नसतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला वास आलेला," तो म्हणाला. "साहेबांनी रुमाल उचलला ना, तेव्हाच आलेला. खिडकीतनं वारा होता. मी गप बसलेलो. म्हटलं, मी काय मागायला गेलो नाही, देवाच्या मेजावरनंच येतेय. आता बायजा तरी काय बोलेल मला? मामा कधी येतोय म्हणून वाट बघत बसलेलो." त्याने पोपटकडे बोट केलं. "त्याने पेला परत ठेवला तेव्हा मला त्याचा गळा धरावासा वाटला. एवढा राग आला. प्यायला असता तर मला कळलं असतं, माझ्या बाजूने शहाडपासून चालत आलाय. तो प्यालेला नाही."

आणि तो मटकन खाली बसला. पलीकडे बायजा पदरात तोंड घालून रडत होती आणि रंगूबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

मग पाळकसाहेबांनी दोन्ही पेले स्वतः बाहेर नेले, लिंबाच्या झाडाखाली रिकामे केले, आणि भाऊ त्यांच्यामागून बरणी हाताच्या अंतरावर धरून गेले. परत येऊन साहेब म्हणाले, "मंडळी, प्रभुभोजन होणार आहे. थोडा वेळ लागेल, तोवर भजनं म्हणा. मनुका आहेत का कुणाच्या घरी?"

रंगूबाईच्या घरच्या मनुका तर बरणीतच गेलेल्या. सखुबाई देवळाच्या मागेच राहायची. ती म्हणाली, आहे माझ्याकडे पुडी, पोट साफ व्हायला ठेवलेली. कुणी हसलं, मग सगळेच हसले, आणि देवळातला सगळा ताण त्या पुडीवर उतरला.

"तुमच्याकडे रस डीकन करतात ना?" पाळकसाहेब म्हणाले. "मग जा, पोपटराव. भाऊ, तुम्हीही जा त्यांच्याबरोबर."

सखुबाईच्या चुलीपुढे दोन डीकन बसले. पोपट मनुका कुस्करत होता आणि भाऊ, इस्त्रीचा कोट घालून, फुंकणीने फुंकत होते. धूर सगळा त्यांच्याच डोळ्यांत. देवळातून भजनाचा आवाज येत होता, आणि पोपट तिथे नसल्यामुळे तो पहिल्यांदाच एका सुरात लागला होता.

"तुमच्या निवडीच्या वेळी मी हात वर केला नव्हता," भाऊ म्हणाले.

"ठाऊक आहे. मी पुढेच बसलेलो."

"मला वास येत नाही हो, पोपटराव. तुम्ही नसतात तर सबंध मंडळीला मी माझ्या हाताने पाजली असती." भाऊंनी डोळे पुसले. धुराने असेल. "सखुबाई तर सोडायलाच तयार नव्हत्या."

"पुढच्या महिन्यापासून रस तुम्ही करा, भाऊ. मला आता ते नको."

"मी? मला ही चूल फुंकता येईना. रस तुम्हीच करायचा. फक्त बरणी रिकामी करायला शिका." आणि भाऊ पुन्हा फुंकू लागले.

रस झाला तो अगदी पाणचट, कोमट आणि किंचित धुरकट. भाऊंनी तो दोन पेल्यांत ओतला आणि दुसरा पेला पोपटच्या हातात स्वतः दिला. पोपट पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत आला. गोविंदाने पेला दोन्ही हातांनी धरला, घोट घेतला, तोंड पुसलं आणि पेला शेजारच्याकडे दिला. एवढंच. त्याच्याकडे मुद्दाम कुणी पाहिलं नाही, आणि बरं झालं नाही पाहिलं.

उपासना सुटली, पाळकसाहेब जेवायला भाऊंकडे गेले, गोविंदा आणि बायजा शहाडच्या वाटेला लागले. पोपट, रंगूबाई आणि शालू घरी निघाली. शालू पुढे उड्या मारत होती. ऊन डोक्यावर आलेलं. सगळ्यांनी पोपटची पाठ थोपटली होती, सलाम केला होता, आणि त्याला ते गिळवत नव्हतं.

"तुला एक सांगायचंय," तो अखेर म्हणाला. "पेला हातात आला ना, तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं."

"दिसलं मला," रंगूबाई म्हणाली. "गळा हलला तुमचा."

पोपट थांबला. "मग भाऊंनी विचारलं तेव्हा तू बोलली का नाहीस काही?"

"काय बोलणार? मीच धास्तावलेले." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "अहो, मला इतकी वर्षं वाटायचं, तुमची तहान मेली. तहानच नाही, म्हणून पीत नाही, त्यात काय विशेष. आज कळलं की तसं नाही. रोज लागते का?"

खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. "रोज," तो म्हणाला. "भोंगा झाला की लागते."

भर रस्त्यात, शेडच्या फाटकासमोर, रंगूबाईने त्याचा हात धरला, तेलाने काळा झालेला. एवढ्या संसारात उघड्यावर तिने असं कधी केलं नव्हतं. पोपट गोंधळून इकडेतिकडे बघू लागला.

"संध्याकाळी शहाडला जाल ना?" तिने विचारलं.

"जावं लागेल. आज तर नक्की."

"मी येते बरोबर. तुम्ही गोविंदापाशी बसा, मी बायजापाशी बसते. माझ्यापाशी तेव्हा कुणी बसलं नव्हतं."